वरातीचा बाजा शाळेच्या मंचावर

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीची पहिली बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच झाली. कार्यक्रमांची यादी वाचली जात होती. स्वागतगीत, तान्ह्या पोळ्याचे नृत्य, एक नाट्यप्रवेश, आठवीच्या मुलींचा गोंधळ. मग अकरावीच्या चार मुलांच्या नावांपुढे एवढेच लिहिलेले होते : 'इंग्रजी गाणे, हॉर्न सेक्शनसह.' एका ज्येष्ठ विश्वस्तांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "हॉर्न? म्हणजे ट्रकचा?" सगळे हसले, तेही हसले. पण हॉर्न म्हणजे काय आणि ते वाजवायला कोण येणार आहे, हे कळल्यावर हसू थांबले. चर्चा अर्धा तास चालली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

ती बैठक अजून व्हायची आहे. तेवढ्यात आम्ही, म्हणजे हे पत्रक काढणारी चार माणसे, आमचे मत इथे मांडत आहोत. पालकांनी आणि विश्वस्तांनी ते वाचावे, पटले नाही तर तसे कळवावे. गोटमारीवर आपल्या पत्रकात जवळपास दरवर्षी काही ना काही छापून येते. बँडवर मात्र कधी एक ओळही आलेली आम्हाला आठवत नाही.

आधी मुलांचे गाणे. बीटल्स हे नाव जुन्या पालकांना ठाऊक असेल. इंग्लंडमधील लिव्हरपूल गावच्या चार पोरांचा हा रॉक बँड. १९६६ साली त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी आली. तिच्यात 'गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ' नावाचे एक गाणे आहे. रॉक बँड म्हटला की दोन-तीन गिटार आणि ड्रम एवढाच संच डोळ्यांसमोर येतो. या गाण्यासाठी मात्र त्यांनी बाहेरून पाच वादक बोलावले, तीन ट्रंपेटवाले आणि दोन सॅक्सोफोनवाले. त्यांतला एडी थॉर्नटन मूळचा जमैकाचा. गंमत अशी की त्या वर्षी इंग्लंडमध्ये हे गाणे सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची तबकडी म्हणून, गाजले ते क्लिफ बेनेट नावाच्या दुसऱ्याच गायकाचे. ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. बीटल्सच्या आवाजातील सिंगल अमेरिकेत निघाली ती तब्बल १९७६ साली, तोवर बँड मोडूनही सहा वर्षे झाली होती. आमची मुले त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी जन्मली. त्यांना हे गाणे का आवडले असे विचारल्यावर ड्रम वाजवणारा म्हणाला, "सर, त्यातले बाजे ऐकून अंगात येतं." याहून चांगले उत्तर आम्हालाही सुचले नसते.

हॉर्न सेक्शन म्हणजे फुंकून वाजवायच्या बाज्यांची टोळी. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांपैकी तीन-चार-पाच वादक शेजारी शेजारी उभे राहतात आणि एकाच श्वासात वाजवतात. सबंध चाल त्यांना वाजवायची नसते. गायकाची ओळ संपली की दोन-तीन सुरांचा झटका द्यायचा, गायकाला ढकलायचे, जागा रिकामी झाली की भरायची. आपल्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात ना, तेच काम. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि शाहिराला दम घ्यायला तेवढी सवड मिळते. झीलकरी काढून टाकले तर पोवाडा उभा राहील, पण लंगडा राहील. या गाण्याचेही तसेच आहे.

मुलांनी आधी कीबोर्डवर काम भागवून पाहिले. कीबोर्डवर 'ब्रास' नावाचे एक बटण असते. ते दाबले की ट्रंपेटसारखा काहीतरी आवाज निघतो. आम्ही तो ऐकला. ट्रंपेटचा फोटो पाहावा तसे वाटले. बाजा माणसाच्या ओठांच्या थरथरीने वाजतो. तीन कळा बोटांखाली असतात, त्यांतून आठच जोडण्या होतात, बाकीचे सगळे सूर ओठ आवळून आणि सैल सोडून काढायचे असतात. त्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक खरखर असते, शेवटी श्वास संपत आल्याची किंचित घसरण असते. बटणात ती नाही.

तेव्हा या चौघांतील सौंसरकडची मुलगी म्हणाली, आमच्या घरामागे बँडवाले काका राहतात, त्यांना विचारू. पुढच्या रविवारी मुले त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काकांनी मोबाइलवर गाणे तीनदा ऐकले. चौथ्यांदा ट्रंपेट तोंडाला लावून सोबतच वाजवू लागले. नोटेशन त्यांना वाचता येत नाही, शिकवायला कोणी नव्हते. चाळीस वर्षांत हजारो गाणी त्यांनी अशीच कानाने उचलली आहेत. लग्नसराईत नवे गाणे शुक्रवारी आले की शनिवारच्या वरातीत वाजले पाहिजे, हीच त्यांची परीक्षा.

मग अडचण आली ती सुराची, आणि ती आम्हाला फार शिकवून गेली. मूळ गाणे पांढरी पाचमध्ये आहे, मुलांनीही तेच धरले होते, कारण गिटारवर तो सूर सोयीचा. ट्रंपेट मात्र मुळात काळी पाचचा बाजा. कळ न दाबता फुंकले की तिचेच सूर येतात, तिच्या जवळपासच्या पट्ट्या बोटांना सरळ पडतात. काका म्हणाले, "पांढरी पाचमध्ये वाजेल बेटा, पण खडखड होईल. पांढरी चार घ्या, मग पाहा." मुले एक सूर खाली आली आणि गिटारवाले रडकुंडीला आले, कारण पांढरी चारचा कॉर्ड म्हणजे सगळ्या तारा एका बोटाने दाबून धरायच्या. शिकाऊ गिटारवाल्याचा तो नंबर एकचा शत्रू. शेवटी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून तोडगा निघाला. तासाभराच्या या ओढाताणीत मुलांना जे संगीत कळले, ते पेन ड्राइव्हवरच्या ट्रॅकसोबत नाचून जन्मात कळले नसते. दुसऱ्याच्या बाज्याला काय सोपे जाते हे बघून आपली जागा बदलणे, हे त्यांनी कोणी न सांगता केले.

आता बैठकीतील आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप भाषेचा. मराठी शाळेच्या मंचावर इंग्रजी गाणे कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत आपण इकडे राहिलो. त्याआधी नागपूर हीच आपली राजधानी होती. तेव्हापासून या भागात मराठी टिकवायची तर ती शाळेत, घरात आणि अशा संमेलनांतच टिकवावी लागली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी कचेरीचा कागद हिंदीतच निघतो. त्यामुळे जुन्या मंडळींना एकेका कार्यक्रमाची भाषा मोजावीशी वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण मग मोजताना सगळेच मोजू या. मागच्या संमेलनातील निम्मी नृत्ये हिंदी सिनेमाच्या ट्रॅकवर होती. त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती.

शिवाय हे बाज्यांचे संगीत परके आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. ते या देशात लोकप्रिय करण्यात आपल्याच माणसांचा मोठा हात होता. थोडे विस्ताराने सांगतो, कारण विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ही नावेही ठाऊक नसतील.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातील पुणतांबे. बालपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. वसंतराव देशपांडेही त्याच गुरूंचे शिष्य. हे चितळकर मुंबईला गेले, सिनेमात शिरले आणि १९४७ साली 'शहनाई' चित्रपटात त्यांनी पाश्चात्त्य ढंगाचे एक गाणे असे काही वाजवले की सगळा देश रविवारच्या नावाने नाचू लागला. पुढे १९५१ साली 'अलबेला' आला. त्याचा नायक, दिग्दर्शक आणि निर्माता म्हणजे भगवानदादा, भगवान आभाजी पालव. त्यांचा जन्म अमरावतीचा. आपल्या पांढुर्ण्याची हद्द ओलांडली की वरूड, आणि वरूड अमरावती जिल्ह्यातच. म्हणजे ज्या चित्रपटाने बोंगो आणि बाजे गल्लीबोळांत पोचवले, त्याचा नायक आपला शेजारी आणि संगीतकार नागपुरात गाणे शिकलेला.

पण या दोघांना ट्रंपेट वाजवता येत नव्हता. तिथे तिसरा माणूस आला. गोव्याच्या हळदोणे गावचा आंतोनिओ झेवियर वाझ. संगीताच्या दुनियेत त्याचे नाव चिक चॉकलेट. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजत असे, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांचा तो साहाय्यक झाला. 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतात. १९५७ साली 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे गाणे आले. अमेरिकेतील रॉक अँड रोलची लाट नुकतीच इकडे पोचत होती आणि सी. रामचंद्रांनी ती उचलून किशोरकुमारच्या गळ्यात घातली. या गाण्याच्या निरर्थक शब्दांची हकिगत अशी सांगतात की खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांची इंग्रजी आकडमोड त्यांच्या कानावर पडली, ती त्यांनी आणि साहाय्यक जॉन गोम्सने पुढे वाढवत नेली. गोम्स गोव्याचा, म्हणून 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोकणी शब्दही त्यात शिरले. इंग्रजी खेळ, कोकणी शब्द, मराठी संगीतकार, हिंदी सिनेमा. याच माणसाने १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगो'ला चाल दिली. प्रजासत्ताकदिनाला आपली मुले ते गाणे डोळे मिटून गातात, तेव्हा त्याच्या मराठीपणाविषयी कोणी शंका घेत नाही.

अगदी अलीकडचे हवे असेल तर 'सैराट' घ्या. २०१६ साली अजय-अतुल यांनी त्या मराठी चित्रपटासाठी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले. तोच 'झिंगाट' आज आपल्या गल्लीतील बँडवाला ट्रंपेटवर वाजवतो. साता समुद्रांपलीकडे जाऊन आलेली चाल त्याच्यापर्यंत पोचली आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मग चालीने उलटा प्रवास केला तर काय बिघडले?

दुसरा आक्षेप भाषेच्या आक्षेपामागे दडला होता. तो एका पालकांनी मोकळेपणाने बोलून दाखवला, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारच मानतो. "वरातीतले बँडवाले शाळेच्या स्टेजवर चांगले दिसतात का?"

हे वाक्य ऐकून आम्ही गप्प बसलो, कारण आमचे हातही स्वच्छ नाहीत. आमच्यापैकी एकाच्या घरी काही वर्षांपूर्वी लग्न होते. सौंसर स्टेशनापासून मांडवापर्यंत बँड वाजत आला. एप्रिलचे ऊन, अंगात जाड लाल कोट, डोक्याला टोपी. पाहुणे जेवायला बसले. वरमाय-वरबाप जेवले, सोयरे जेवले, ड्रायव्हरही जेवले. बँडवाले मांडवाच्या मागे टँकरच्या सावलीत बसून होते. त्यांची आठवण झाली तेव्हा जिलेबी संपली होती आणि वरण थंडगार पडले होते. कोणी त्यांचा अपमान करायचा म्हणून केला नव्हता. कोणाच्या लक्षातच आले नव्हते. हे त्याहून वाईट.

आता उघड बोलू. हे वाजवणारे कोणत्या मोहल्ल्यातून येतात, कोणत्या जातीचे असतात, हे आपण सगळे जाणतो. ढोल, हलगी, सनई, बाजा, ज्या वाद्याशिवाय आपले एकही मंगलकार्य होत नाही, ते वाजवणाऱ्याला आपण उंबऱ्याबाहेर उभे केले. पेटी-तबला वाजवणारा 'कलाकार' आणि ट्रंपेट वाजवणारा 'बँडवाला', हा फरक वाद्याचा नाही. चिक चॉकलेटच्या हातात ट्रंपेट असला की आम्ही त्याच्यावर लेख लिहितो आणि सौंसरच्या काकांच्या हातात तोच ट्रंपेट असला की स्टेजवर कसा दिसेल असे विचारतो.

हा बाजा आला कुठून? इंग्रजांच्या पलटणींसोबत. छावण्यांमध्ये, आपल्या जवळची कामठी धरून, पलटणीचे बँड असत. राजे-रजवाड्यांनी ते पाहून आपले बँड उभारले, आणि हळूहळू साहेबाची कवायत नवरदेवाच्या घोड्यापुढे आली. आज देशभरातील बँडवाल्यांचे बाजे मोठ्या प्रमाणावर मेरठच्या जाली कोठी भागात घडतात. पितळी पत्रा वाकवून, ठोकून, डाग देऊन. न्यूझीलंडमधील विद्यापीठात शिकवणारे ग्रेगरी बूथ या लोकांमागे गावोगाव फिरले आणि २००५ साली त्यांनी 'ब्रास बाजा' नावाचे आख्खे पुस्तक लिहिले. परदेशी प्राध्यापकाला जे अभ्यासाचे वाटले, ते आपल्या शाळेच्या मागच्या गल्लीत आहे.

शाळेचा विषय निघालाच आहे तर गोव्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन आणि बाजे वाजवणारे एवढे गोवेकर कसे? त्यांचे रक्त वेगळे होते असे नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातील गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तिथे मेस्त्र मुलांना सुरांची नावे घेत गायला आणि नोटेशन वाचायला शिकवत, मग हातात व्हायोलिन किंवा एखादा बाजा देत. गरीब घरची पोरे सात-आठ वर्षांची असल्यापासून कागदावरचे सूर वाचू लागत. मोठी होऊन मुंबईला आली तेव्हा संगीतकाराने समोर कागद ठेवला की ती लगेच वाजवत. म्हणजे हिंदी सिनेमाच्या त्या सोनेरी आवाजाच्या मुळाशी गावची शाळा आहे. सौंसरच्या काकांना जर कोणी लहानपणी तो कागद वाचायला शिकवले असते तर ते कुठे असते, याचा विचार आम्ही त्या रविवारपासून करत आहोत.

तिसरा आक्षेप खर्चाचा. खजिनदारांनी रास्त प्रश्न विचारला : ट्रॅक फुकट मिळतो, चार बँडवाल्यांना मानधन कुठून द्यायचे? दोन ट्रंपेट, एक सॅक्सोफोन, एक युफोनियम, असे चौघे येणार आहेत. आमचे उत्तर असे की मंडप, लाइट आणि साउंड यांवर आपण दरवर्षी जो खर्च करतो, त्यातील एक साउंड बॉक्सची जोडी कमी केली तरी बरेच भागेल. बाज्यांना माइकही फारसा लागत नाही. त्यांचा जन्मच उघड्या रस्त्यावर वाजण्यासाठी झालेला आहे. मागच्या वर्षीच्या साउंडने पहिल्या रांगेतील आजीबाई कानांत बोटे घालून बसल्या होत्या, हे विश्वस्तांना आठवत असेल. आणि संमेलन पौषात येते. पौषात लग्ने नसतात. वर्षातील हा एक महिना असा की बँडवाले रिकामे असतात आणि हातात पैसाही नसतो. डीजे आल्यापासून तर भर सराईतही त्यांच्या तारखा रिकाम्या राहू लागल्या आहेत. काकांच्या दोन्ही मुलांनी बाजा हातात घेतलेला नाही. एक नागपूरला कंपनीत आहे, दुसरा संत्र्याच्या गाडीवर. आमच्या शाळेत शिकणारा त्यांचा नातू मात्र तालमीच्या दिवशी खिडकीबाहेर उभा होता. आत ये म्हटले तर आला नाही. वर्गात मुले चिडवतील असे म्हणाला.

तो सातवीत आहे. मोठ्यांच्या बैठकीत जे वाक्य बोलले गेले, तेच त्याने वर्गात आधीच ऐकलेले होते. हा लेख लिहायचे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

तेव्हा विश्वस्त मंडळाकडे आमचे मागणे असे. मुलांच्या गाण्याला परवानगी द्यावी. त्याला जोडून या चार वादकांकडून 'अलबेला'तील एक चाल, आणि त्यांना आवडेल ती एक मराठी चाल, फक्त बाज्यांवर वाजवून घ्यावी. मानधन पाहुण्या कलाकारांना देतो तसे पाकिटात घालून, मंचावर, अध्यक्षांच्या हस्ते द्यावे. जेवण पाहुण्यांच्या पंगतीत. संमेलन झाल्यावर दर शनिवारी एक तास काकांना शाळेत बोलवावे आणि ज्या मुलांना बाजा शिकायचा आहे त्यांना शिकू द्यावे. आपल्या संगीताच्या मॅडम त्या बदल्यात काकांना नोटेशन शिकवायला तयार आहेत, त्यांना आम्ही विचारले आहे. किती मुले येतील हे आज सांगता येत नाही. दोन आली तरी सुरुवात करावी असे आम्हाला वाटते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत येऊन बोलावे. तो हक्क सगळ्यांना आहे.

आणखी एक बाब छपाईची. सिनेमाच्या हजारो तबकड्यांवर संगीतकाराचे नाव आहे, गायकाचे आहे, वाजवणाऱ्यांचे नाही. पण ज्या 'रिव्हॉल्व्हर' तबकडीतून मुलांनी हे गाणे घेतले, तिच्यातच दुसऱ्या एका गाण्यात तबला वाजला आहे. तो वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर छापलेले आहे. बाहेरच्या वादकाचे नाव छापायचा तेव्हा रिवाज नव्हता, तरी छापले. आपली कार्यक्रमपत्रिका आम्हीच छापतो. चौघांची नावे तिच्यात मुलांच्या नावांच्या बरोबरीने आणि त्याच टाइपात जातील, एवढे आमच्या हातात आहे आणि ते आम्ही करणार आहोत.

पुढची तालीम येत्या शनिवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात आहे. पालकांनी आणि विश्वस्तांनी जरूर येऊन ऐकावे. कॅपो एकच असल्यामुळे दुसऱ्या गिटारवाल्याचा पांढरी चारचा कॉर्ड अजून फटफटतो, तेवढे सांभाळून घ्यावे. काकांनी निरोप पाठवून विचारले आहे, संमेलनाला लाल कोट घालून यायचे की साध्या कपड्यांत. आम्ही कळवले, तुम्हाला बरे वाटेल ते घाला. त्यावर त्यांचा पुन्हा निरोप आला की कोट इस्त्रीला दिला आहे.